डब्यातलं सॉसेज: उगीच बाऊ, की खरंच विचार करायची गोष्ट?

एन_सेवन_कट्टा (धागाकर्ता)

रविवारी घरात जुंपली, म्हणून इथं टाकतोय. पुतण्या सहावीत आहे. शाळेच्या पाच दिवसांपैकी पाचही दिवस डब्यात चिकन सॉसेज. सकाळी घाई, गॅस मोठा, कढईत तेल कडकडीत. बाहेरून काळं पडतं आणि मधोमध बोट लावलं तर कोमट. मी म्हणालो, रोज नको. भाऊ म्हणाला, "प्रोटीन आहे, तू व्हॉट्सअ‍ॅप वाचून आलास."

माझं म्हणणं व्हॉट्सअ‍ॅपचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं, म्हणजे आयएआरसीनं, ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज-बेकनसारखं, पहिल्या गटात टाकलं. म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पुरावा पुरेसा आहे, मुख्यतः मोठ्या आतड्याचा. रोज ५० ग्रॅममागे धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा हिशेब. पोराच्या डब्यातले दोन सॉसेज मी काट्यावर ठेवले, ७० ग्रॅम भरले. वरून मीठ वेगळंच.

परभणीचा_पाव्हणा

असहमत. १८ टक्के ऐकलं की लोकांना वाटतं शंभरातल्या अठरा जणांना होणार. तसं नाही हो. ब्रिटनचा हिशेब बघा: तिथं हजारात साधारण ६१ जणांना आयुष्यात कधीतरी आतड्याचा कर्करोग होतो. असलं मांस सगळ्यात कमी खाणाऱ्यांत तो आकडा ५६, सगळ्यात जास्त खाणाऱ्यांत ६६. अख्ख्या आयुष्यात हजारामागे दहाचा फरक.

आणि त्याच पहिल्या गटात तंबाखूही आहे म्हणून लोक "तंबाखूच्या गटात टाकलं" म्हणतात, ते वाक्य तर बंदच करा. गट पुराव्याचा आहे, धोक्याच्या आकाराचा नाही. तंबाखूनं जगात वर्षाला दहा लाखांच्या आसपास कर्करोगाचे मृत्यू, असल्या मांसाच्या खात्यावर सुमारे ३४ हजार, हे त्याच संस्थेनं सांगितलेले आकडे. आपल्याकडं टपरीपुढं मावा मळत उभा राहिलेला माणूस पोराच्या सॉसेजची चिंता करतो, हे बघून हसू येतं.

एन_सेवन_कट्टा

मावा मी खात नाही. गटाचा मुद्दा मान्य. पण हजारातले दहा कमी म्हणायचे का? आणि सवय अकराव्या वर्षी लागतेय, तीही आपणच लावतोय.

अंबाजोगाई_एक्स्प्रेस

आवो काय लावलंय ह्ये. आमच्या आज्जीनं आयुष्यभर चान्या खाल्ल्या. उन्हाळ्यात मांसाच्या लांब पट्ट्या कापायच्या, हळद-मीठ चोळायचं, अंगणात दोरीवर वाळू घालायच्या. कावळे हाकलायला मला काठी घेऊन बसवायची. पावसाळ्यात हाताला काम नसलं की त्यातली एक पट्टी निखाऱ्यावर भाजायची, पाट्यावर ठेचायची, भाकरीसंगं खायची. त्यात कुठलं आलं ते पाकिटातलं मांस टिकवायचं नायट्राइट? म्हातारी नव्वदीला गेली.

आन एक सांगतो, राग येऊ द्या न्हाईतर न येऊ द्या. दोरीवरच्या चान्या बघून गावातले लोक नाकाला पदर लावून जायचे. आता त्येच खारवलेलं मांस पाकिटात आलं, वर विंग्रजी नाव आलं, तर त्याला प्रोटीन म्हणायलेत.

दुधना_काठ

दुसऱ्या परिच्छेदाला शंभर टक्के सहमत. पहिल्याला नाही. खारवलेलं, वाळवलेलं, धुरावलेलं मांस हेही प्रक्रिया केलेल्या मांसाच्याच व्याख्येत बसतं, नायट्राइट असो-नसो. तुमच्या आज्जीची गोष्ट वेगळी ठरते ती मापामुळं. एक पट्टी, सहा माणसं, त्याला ज्वारीच्या दोन-दोन भाकरी, आणि दिवसभर रानात काम. आपण पाकीट फोडतो आणि मैद्याच्या पावात घालून खुर्चीत बसून खातो.

गोदाकाठचा

मूळ मुद्दा कुणी बोलेना. डुकराचं मांस खाल्लं की मेंदूत जंत होतात. बेकन तर त्याचंच. विषय संपला.

स्लाइडवाली

विषय संपला नाही, उलटा झाला. मी नांदेडला लॅबमध्ये आहे, हे रोज समजावून सांगते. नीट न शिजलेल्या डुकराच्या मांसातली गाठ पोटात गेली तर आतड्यात पट्टकृमी होतो. मेंदूतल्या गाठी होतात त्या कृमीच्या अंड्यांमुळं, आणि अंडी येतात माणसाच्या विष्ठेतून: न धुतलेली कोथिंबीर, दूषित पाणी, हात न धुता वाढणारा माणूस. म्हणून आयुष्यात मांस न शिवलेल्या माणसालाही त्या गाठी होतात आणि झटके येतात. बेकन नीट शिजवा, पण मेथीची जुडीसुद्धा तीन पाण्यांतून काढा.

बुफेवाला

मी संभाजीनगरात हॉटेलच्या किचनमध्ये आहे, नाश्त्याचा काउंटर माझ्याकडं. वेरूळ-अजिंठ्याला जाणारे पाहुणे असतात, त्यामुळं सीझनमध्ये सॉसेज-बेकन रोज. वादात पडत नाही, पण तुम्ही सगळे ते शिजवताय चुकीचं.

बेकन तापलेल्या तव्यावर टाकू नका. थंड तव्यावर पट्ट्या मांडा, मग बारीक गॅस लावा. चरबी हळूहळू सुटते आणि पट्टी त्यातच भाजते. कडा तपकिरी झाल्या की उचला. काळी कुरकुरीत मागणारे पाहुणे भेटतात, पण नायट्राइट आणि मांसातली प्रथिनं मोठ्या आचेवर एकत्र आली की नायट्रोसामाइन नावाची कर्करोगाला पोषक रसायनं तयार होतात, आणि बेकनमध्ये ते करपेपर्यंत तळल्यावर जास्त निघतात. सुटलेल्या चरबीतही ते उतरतात. म्हणून ती चरबी वाटीत ओतून ठेवून दुसऱ्या दिवशी त्यात ऑम्लेट करायची काटकसर नको. ज्यांच्या घरी मायक्रोवेव्ह आहे त्यांनी टिश्यूवर ठेवून करा, त्यात हे कमी होतं.

सॉसेजला आधी पसरट भांड्यात बोटभर पाणी, झाकण, आठ-दहा मिनिटं. पाणी आटलं की चमचाभर तेल, मध्यम आच, फिरवत रंग आणायचा. आम्ही मधोमध थर्मामीटर टोचतो: डुकराच्या सॉसेजला ७१ अंश, चिकनला ७४. धागाकर्त्यांच्या घरचं "काळं पण कोमट" हे दोन्हीकडून वाईट. कोळशावर शेकताना चरबी निखाऱ्यावर ठिबकून धूर उठतो, तोही चांगला नाही, तेव्हा जाळी उंच ठेवा.

परभणीचा_पाव्हणा

हे बरं झालं. मग नायट्राइट घालतातच कशाला? बंदी आणा ना.

दुधना_काठ

आता तुम्हीच बंदी म्हणायला लागलात! नायट्राइट घालतात ते बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू नयेत म्हणून. तो रोग आधी सॉसेजमधूनच ओळखला गेला, लॅटिनमध्ये बोट्युलस म्हणजे सॉसेज. गुलाबी रंग आणि ती खास चवही त्याचीच.

आणि आपल्याकडं फ्रीझरची गत काय आहे? मे महिन्यात ४२ अंश, त्यात लाइट जाते ती जातेच. आमच्या गल्लीतला एक दुकानदार रात्री शटर ओढताना बिल वाचावं म्हणून फ्रीझरचं बटणच बंद करायचा. एकदा पाकीट घरी आणलं तर आतले सगळे सॉसेज मिळून एक वीट झालेली, कोपऱ्यात गुलाबी बर्फ. म्हणजे वितळून पुन्हा गोठलेलं. परत द्यायला गेलो तर म्हणाला, "काका, गरम केलं की सगळं मरतं." तेव्हापासून मी पाकीट दाबून बघतो. सॉसेज सुटे-सुटे हाताला लागले तरच घेतो.

अंबाजोगाई_एक्स्प्रेस

म्हणून तर म्हणलं, दोरी बरी. तिला लाइट लागत न्हाई.

एन_सेवन_कट्टा

😀 काल पाकिटाची मागची बाजू पुतण्याकडून वाचून घेतली. बारीक अक्षरात २५० आकडा आहे, तेच सोडियम नायट्राइट. त्याला शोधायला मजा आली. मी अजूनही आठवड्याला एकदाच म्हणतो.

सहा_चाळीसची_व्हॅन

मीच ती भावजय. धागा ह्यांनी दाखवला.

भाऊजी, आकडे सगळे वाचले. पण तुमच्या पोस्टमध्ये एक आकडा राहिला. व्हॅन ६.४० ला येते. ५.४५ ला उठून दोन डबे, सासऱ्यांचा बिनसाखरेचा चहा आणि पाण्याचा टँकर आला तर पाइप धरायला मीच. पोरगं भाजी-पोळी परत आणतं, सॉसेज आणत नाही. "काळं पण कोमट" होतं ते ह्यामुळं. इतके जण बोलले, पण उद्या डब्यात काय द्यायचं ते एकानं सांगितलं नाही. बुफेवाले दादांनी निदान कसं करायचं ते सांगितलं.

दादा, पाण्यात शिजवायचं काम रात्रीच उरकून ठेवलं तर चालेल का?

बुफेवाला

चालेल ताई. पूर्ण शिजवा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, झाकून. सकाळी मध्यम आचेवर पाच मिनिटं, आतून वाफ येईपर्यंत. अर्धकच्चं मात्र ठेवू नका. आठवड्यातून किती वेळा करायचंय?

सहा_चाळीसची_व्हॅन

दोनदा. उरलेले तीन दिवस भाऊजी येणार आहेत, अंडा भुर्जी करायला. पावणेसहाला.

एन_सेवन_कट्टा

सहाला येतो. कांदा रात्री चिरून ठेवा.