एकदम पोटभर घालू नका
कुणीतरी विचारलंय, सोडून दिलेलं कुत्रं सापडलं तर आधी पोटभर खायला घालावं का? कृपा करून नको. गेल्या मे महिन्यात जुळे सोलापुरात एका बंद घराच्या जिन्याखाली बांधून ठेवलेली लॅब्राडोर कुत्री आम्ही चौघांनी सोडवली. बरगड्या मोजता येत होत्या, पट्टा मानेत इतका रुतलेला की कडेची कातडी त्यावर चढली होती. बरेच दिवस उपाशी असलेल्या जनावराला एकदम भरपूर दिलं तर रक्तातले क्षार बिघडून जीवही जाऊ शकतो. आधी थोडं थोडं पाणी, मग डॉक्टरांना विचारून दर काही तासांनी मूठभर मऊ अन्न. पट्टाही ओढू नका, आमच्या डॉक्टरांनी भूल देऊनच काढला. आणि फोटो काढून ठेवा. पाळलेलं जनावर असं उपाशी टाकून जाणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. ती आता माझ्याकडेच असते. जिना दिसला की अजून थबकते, मग मी उचलून नेते.