एलडीओ रेग्युलेटरची स्थिरता: तीन मॉडेलं, तीन उत्तरं. खरं कुठलं मानू?

फोंड्याचा_सोल्डर

नमस्कार मंडळी. मी फोंड्याला राहतो, बोटींवरची इलेक्ट्रॉनिक उपकरणं दुरुस्त करतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी, ट्रॉलर मालीमच्या जेटीला बांधलेले, त्यामुळे बोटीवर चढून निवांत काम करायला हेच दोन महिने मिळतात. यंदा पाच बोटींसाठी एक बोर्ड केलाय. त्यावर जीपीएस आणि छोटा रेडिओ आहे, बोट कुठे आहे ते किनाऱ्यावर कळावं म्हणून. बॅटरी 12 व्होल्टची, पुढे एलएम2940 हा एलडीओ (इनपुट आउटपुटपेक्षा थोडंच जास्त असलं तरी चालणारा व्होल्टेज रेग्युलेटर), त्यातून 5 व्होल्ट.

जुन्या बोर्डांवर आउटपुटला 22 मायक्रोफॅरडचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर होते. इंजिनाजवळच्या उष्णतेत ते सुकतात, म्हणून या खेपेला तेवढ्याच मूल्याचे सिरॅमिक लावले. सुकायला आत काही नाहीच, तेव्हा टिकतील असं वाटलं. आता रेडिओ प्रक्षेपण करायला लागला, म्हणजे प्रवाह 30 मिलिअँपवरून 150 वर गेला, की 5 व्होल्टच्या लाइनवर सुमारे 70 किलोहर्ट्झची लहर उठते. शिखरापासून शिखरापर्यंत 200 मिलिव्होल्ट. जीपीएसचं लॉक (उपग्रहांवरची पकड) सुटतं.

एलटीस्पाइस या सर्किट सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये रेग्युलेटरचं मॉडेल तीन तऱ्हांनी करून पाहिलं.

पहिलं मॉडेल अगदी साधं: आदर्श अ‍ॅम्प्लिफायर, त्याला एक पोल (ज्या वारंवारतेपुढे गेन घटतो आणि फेज मागे पडते), पुढे आउटपुटचा रोध. ते कधीच ऑसिलेट होत नाही, म्हणजे आपोआप लहरत नाही. दुसरं नेटवर मिळालेलं तयार मॅक्रोमॉडेल. त्यात ड्रॉपआउट (इनपुट आणि आउटपुटमध्ये लागणारा किमान फरक) बरोबर येतो, स्वतःचा खाऊन टाकलेला प्रवाहही डेटाशीटशी जुळतो, आणि कुठलाही कपॅसिटर लावा, आलेख शांतच. तिसरं मी स्वतः ट्रान्झिस्टर जोडून उभारलं, शेवटी पीएनपी पास ट्रान्झिस्टर. ते सिरॅमिकवर ऑसिलेट होतं, पण 40 किलोहर्ट्झला. म्हणजे तेही प्रत्यक्षाशी जुळत नाही.

ही बोट समुद्रात असताना घरची माणसं त्या ठिपक्याकडे बघणार आहेत. अंदाजाने कपॅसिटर बदलून "आता चालतंय" म्हणायची माझी तयारी नाही. नेमकं काय होतंय ते समजून घ्यायचंय.

वास्को_बेंच

कपॅसिटरचा ईएसआर (त्याच्या आतला सिरीज रोध) तपासला का? या आयसीच्या डेटाशीटमध्ये आउटपुटला किमान 22 मायक्रोफॅरड आणि ईएसआर साधारण 0.1 ते 1 ओहमच्या पट्ट्यात हवा असं सांगितलंय. सिरॅमिकचा काही मिलिओहमच असतो. 7805 या साध्या रेग्युलेटरला हे चाललं असतं, तिथे एनपीएन एमिटर फॉलोअर आहे, आउटपुटचा रोध मुळातच कमी.

पेडण्याचा_मास्तर

वरचं उत्तर बरोबर आहे, पण प्रश्न मॉडेलांचा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. पॉलिटेक्निकमध्ये बरीच वर्षं हाच विषय शिकवला.

आधी आकडा काढा. रेग्युलेटर आउटपुट बघून स्वतःला सावरतो, ते फीडबॅकचं चक्र म्हणजे लूप. ईएसआरमुळे या लूपमध्ये एक झीरो येतो (पोलच्या उलट, तो फेज पुढे आणतो), त्याची वारंवारता 1 भागिले (2π × ईएसआर × कपॅसिटन्स). 22 मायक्रोफॅरड आणि 0.3 ओहम धरले तर तो 24 किलोहर्ट्झच्या आसपास बसतो. लूपचा गेन जिथे एकवर उतरतो त्याच्या आधीच तो फेज सावरतो. आता ईएसआर 5 मिलिओहम करा. झीरो 1.4 मेगाहर्ट्झवर गेला. तोवर लूपचा गेन केव्हाच एकच्या खाली उतरलेला, मदतीला कुणी नाही. शिवाय सिरॅमिकवर 5 व्होल्टचा डीसी चढला की कपॅसिटन्स घटतो. केस लहान असेल तर बराच घटतो. म्हणजे तुमचे 22 हे 22 नाहीतच.

आता मॉडेलं. पहिल्यात दोनच पोल आहेत. दोन पोल फेज 180 अंशांच्या जवळ नेतात, पण ओलांडत नाहीत. ऑसिलेट न होणं हे त्याच्या रचनेतच आहे, रेग्युलेटरबद्दल ते काही सांगत नाही. दुसऱ्याची परीक्षा सोपी आहे: ईएसआर 5 मिलिओहमपासून 5 ओहमपर्यंत बदलत न्या. आलेख हललाच नाही, तर त्यात खरा लूप नाही. ते ड्रॉपआउट पाहायला केलंय, त्यासाठी ते उत्तम आहे. त्याला स्थिरता विचारू नका.

तिसरं तुमचं. 40 आणि 70 च्या फरकाने नाउमेद होऊ नका, आतले ट्रान्झिस्टर तुम्ही अंदाजाने घेतलेत. बघायचं ते हे की डेटाशीटने दिलेल्या 0.1 आणि 1 ओहमच्या कडा त्यात दिसतात का. दिसत असतील तर दिशेपुरता त्याच्यावर भरवसा ठेवा.

तीन पायांच्या आयसीत फीडबॅक आत असल्याने लूप तोडता येत नाही. म्हणून आउटपुटवर 1 अँपचा एसी प्रवाह-स्रोत जोडा. तिथला व्होल्टेज म्हणजेच आउटपुट इम्पीडन्स. टोकदार शिखर आलं तर फेज मार्जिन, म्हणजे ऑसिलेट होण्यापासूनचं अंतर, कमी. पण एकट्या एसी विश्लेषणावर थांबू नका. ते एका स्थिर बिंदूभोवती सरळ रेषा धरून चालतं, सर्किट प्रत्यक्षात ऑसिलेट होत असलं तरी छान आलेख काढून देतं. ट्रान्झियंट (वेळेनुसार चालणारं सिम्युलेशन) चालवाच, वेळेची पायरी लहान ठेवा. इंटिग्रेशन (सॉफ्टवेअरची पायरीपायरीने गणित सोडवायची रीत) गिअर पद्धतीवर असेल तर ती खरी लहरही दाबून टाकते.

फोंड्याचा_सोल्डर

मास्तर, दुसऱ्या मॉडेलची तुम्ही म्हणालात तशी परीक्षा घेतली. रेघ हलली नाही, तसूभरही नाही. आठवडाभर मी त्यालाच प्रमाण मानत होतो. आणि हो, माझी सेटिंग गिअरवरच होती.

तिसऱ्यात 80 मिलिओहमच्या खाली शिखर टोकदार होतं, 1.3 ओहमच्या वर पुन्हा उठतं. म्हणजे कडा दिसतायत.

पेडण्याचा_मास्तर

मग आता बेंचवर हेच करा. 47 ओहमचा रेझिस्टर मॉस्फेटने चालू-बंद, म्हणजे साधारण 106 मिलिअँपची उडी. 1, 30 आणि 150 मिलिअँपच्या मूळ लोडवर वेगवेगळं बघा, लोड बदलला की आउटपुटचा पोल सरकतो. दोन-तीन हेलकाव्यांत शांत झालं तर ठीक.

फोंड्याचा_सोल्डर

केलं. सिरॅमिकसोबत 0.33 ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये घातला, आणि व्होल्टेजने होणारी घट धरून सिरॅमिक 47 मायक्रोफॅरडचा घेतला. तिन्ही लोडवर एकच हेलकावा, मग सरळ. 150 वर लहर उरलेली नाही. काल दुपारी बोर्ड इंजिनाजवळ ठेवून इंजिन तीन तास चालवलं, तांडेल सोबत बसून होता. लॉक एकदाही सुटलं नाही.

जेटीवर पाऊस चालू आहे, त्यामुळे उरलेले चार बोर्ड घरीच करतोय. प्रत्येकावर हीच लोड स्टेप लावून स्कोपचा फोटो काढणार, मगच बोटीवर चढवणार.