सोसायटीत दिवाळी अंकांची लायब्ररी चालेल का? अनुभव सांगा

घोडबंदरची मुलगी:
नमस्कार मंडळी, आमच्या सोसायटीत मराठी घरं बऱ्यापैकी आहेत. एकेक दिवाळी अंक तीनशेच्या आसपास गेलाय, त्यामुळे प्रत्येक जण एखादाच घेतो आणि तोही अर्धा वाचून टीपॉयखाली जातो. म्हणून क्लबहाऊसमध्ये कपाट ठेवून छोटी लायब्ररी करावी असं चाललंय. सेक्रेटरी हो म्हणालेत (फुकट आहे ना). वर्गणी ठेवावी का? अंक परत येतात का? आमच्या सासूबाईंचं म्हणणं की आधी राशिभविष्याची पानं जातील मग अंक जाईल 😄

आळशी वाचक:
सासूबाई बरोबर आहेत. आणि कपाट अजिबात ठेवू नका. आमच्याकडे ठेवलं होतं, महिन्याभरात लोकांनी जुनी सीएची गाईडं, बारावीच्या अपेक्षित प्रश्नांचे संच आणि कुठल्या तरी बाबांची प्रवचनं 'दान' म्हणून आणून कोंबली आणि दिवाळी अंक खाली दबले. कुणी मुद्दाम उठून कपाटापाशी जात नाही हो, लिफ्टमधून थेट घरात जातात सगळे.

निवृत्त मास्तर:
पिशवी फिरवा. आम्ही दरवर्षी अंकांची भिशी करतो. बारा घरं, प्रत्येकाने दोन अंक घ्यायचे, कोणते ते आधी ग्रुपवर ठरवायचं म्हणजे डबल येत नाहीत. चोवीस अंक झाले, म्हणजे सहाशे रुपयांत सात हजारांचं वाचायला मिळतं. एका पिशवीत दोन अंक, दर रविवारी पिशवी पुढच्या घरी, संक्रांतीनंतर थोड्याच दिवसांत फेरी पूर्ण. वाचून झाला नाही तरी पिशवी द्यायचीच, इथे दयामाया नाही. आणि अंक फिरवायच्या आधी दाभणाने तीन भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवून घ्या, हल्ली नुसत्या गमवर चिकटवलेले असतात, तिसऱ्या घरात पानं सुटी होतात. वर खाकी कव्हर, आत नावांची चिठ्ठी. राशिभविष्याचे फोटो काढून पहिल्याच दिवशी ग्रुपवर टाकायचे, मग कुणी फाडत नाही.

रत्नांग्रीकर:
मास्तरांची आयडिया झकास. पण मी म्हणतो ठाण्यात राहून वेगळी लायब्ररी कशाला? मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे तुमच्याकडे. आमचं रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय तर १८२८ चं. बऱ्याच वाचनालयांत दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी असते, ती भरली की मोसमभर अंक बदलून न्यायचे. शिवाय १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अ ब क ड वर्ग असतात, वर्गावर अनुदान ठरतं आणि वर्ग ठरवताना सभासदही बघतात. आपण घरोघरी भिश्या काढत बसलो तर तिथे जाणार कोण?

आळशी वाचक:
@रत्नांग्रीकर घोडबंदरवरून संध्याकाळी स्टेशनला जाऊन दाखवा, मग बोलू. लायब्ररी बंद व्हायची वेळ होते तरी आपण माजिवड्यालाच.

गोदाकाठी:
नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' बघा. शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे असते, काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलते. तिथेही पेटी सांभाळणारा माणूस उत्साही असला तर चालतं, नाहीतर ती पेटी कुणाच्या तरी दिवाणाखाली. तेव्हा कपाट की पिशवी हे नंतर बघा, रविवारी दारावर थाप मारून "अंक झाला का?" विचारणारं कोण आहे ते आधी ठरवा.

घोडबंदरची मुलगी:
सगळ्यांना थँक्यू! कपाट कॅन्सल, पिशव्या फायनल. थाप मारायला सासूबाई तयार झाल्यात, तसंही कुणाच्या घरी काय चाललंय ते त्यांना हवंच असतं. @रत्नांग्रीकर संग्रहालयाची मेंबरशिप पण घेतेय, शनिवारी जमेल. मास्तर, शिवताना भोकं कडेपासून किती आत पाडायची? अक्षरं झाकली जातात का?

निवृत्त मास्तर:
अर्धा सेंटिमीटर पुरे. जाहिरातींचे जाड कागद असतात तिथे दाभण अडतं, टोकाला मेण लावा.