ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या कूलर लाइनला कुठलं सीलंट लावू? मदत हवी आहे

मंडळी, गाडीच्या ऑटोमॅटिक ट्रान्समिशनला बाहेरून वेगळा ऑइल कूलर बसवतोय, पाइप वगैरे सगळं जोडून झालं पण गिअरबॉक्सच्या बाजूचं एक फिटिंग काही केल्या थांबेना, थेंब थेंब एटीएफ (गिअरबॉक्सचं तेल) गळतंय. फिटिंग पाव इंची एनपीटी आहे, म्हणजे टेपर (टोकाकडे निमुळते होत जाणारे) आटे, सील आट्यांवरच होणार. दुसऱ्या टोकाला फ्लेअर नट आहे, तिथे सील फ्लेअरच्या (पाइपच्या पसरट केलेल्या टोकाच्या) तोंडावर होतं त्यामुळे तिथे काही लावायचं नाही एवढं कळतंय.

पहिल्यांदा मी शहाणपणा करून नळाची पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळली होती (हसू नका), मग कुणीतरी सांगितलं की टेपचा तुकडा सुटून आत गेला तर व्हॉल्व्ह बॉडीत (गिअरबॉक्समधलं तेलाचा प्रवाह वळवणारा भाग) अडकतो, लगेच काढून टाकली. सिलिकॉन आरटीव्ही (ट्यूबमधलं रबरासारखं घट्ट होणारं सीलंट) पण नको वाटतं, आत दाबला गेलेला गोळा तेलाबरोबर फिरणार.

आता लॉकटाइट ५६७ सारखी टेफ्लॉनवाली अ‍ॅनारोबिक (हवा न लागता घट्ट होणारी) पेस्ट लावावी असा विचार आहे. पण केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं आणि फिटिंग पितळेचं, नंतर खोलायची वेळ आली तर आटे सोलून निघणार नाहीत ना? पहिले एक-दोन आटे कोरडे ठेवायचे हे बरोबर ना? आणि तेल चालू करायच्या आधी किती वेळ सुकू द्यायचं? आट्यात जुनं तेल मुरलंय, ब्रेक क्लीनरने पुसलं तर पुरेल का? जास्त आवळायला भीती वाटते, टेपर फिटिंगने केसिंगला तडा गेला तर कल्याणच.

कुणी स्वतः केलं असेल तर सांगा प्लीज, गाडी जॅकवरच उभी आहे.