गुडघ्याच्या कूर्चेवरील उपचारांबाबत मदत हवी आहे (नाशिक)

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीच्या गुडघ्यातील कूर्चेला (हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणाला, म्हणजे कार्टिलेजला) एका जागी खोल इजा झाल्याचे एमआरआयमध्ये दिसले असून, पांडवलेणीच्या पायऱ्या सोडाच, घराचा जिनाही तिला जड जातो. कूर्चेत रक्तवाहिन्या नसल्याने ती आपणहून फारशी भरून येत नाही; म्हणून डॉक्टरांनी मायक्रोफ्रॅक्चर (इजेच्या जागी हाडाला बारीक छिद्रे पाडून भरून येण्यास मदत करणे), किंवा तिच्याच कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून दुसऱ्या शस्त्रक्रियेत बसवणे, असे दोन पर्याय सुचवले आहेत. अन्यत्र मात्र तपासणीआधीच ‘स्टेम सेल’ इंजेक्शनांचे पॅकेज पुढे करण्यात आले, जे मला पटले नाही. पेशीरोपण नाशिकमध्येच होते की मुंबई-पुण्याला जावे लागते, विम्यातून खर्च मिळतो का आणि कुबड्या किती काळ लागतात, हे अनुभवी सदस्यांनी कृपया कळवावे.