पोलंड-झेक-हंगेरी, एकटीने आणि कमी खर्चात: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात १८ दिवस एकटीच निघते आहे. वय ४४, राहणार कोल्हापूर. एकटीने केलेला सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे नागपूर! विमान आणि व्हिसा सोडून दिवसाला ५० युरोत भागवायचंय. पॅरिस-स्वित्झर्लंड त्यातच बाद झालं.

पोलंडच का, तर १९४३ ते ४८ मध्ये आमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला पोलिश निर्वासितांचा कॅम्प होता, पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका-मुलं. आजोबा तिथे दूध घालायचे. त्यांनी तिथून उचललेला एक शब्द आमच्या घरात अजून चालतो. चहा ठेवताना आई विचारते, "म्लेको हाय का गं?" म्लेको म्हणजे दूध. आणि आता वाचलं, की तिकडच्या स्वस्त खाणावळींना 'बार म्लेच्नी' म्हणतात, म्हणजे दुधाच्याच! जेवण तिथेच करणार. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, तेही बघायचंय.

वॉर्सा ५, क्राकुव ५, प्राग ४, बुडापेस्ट ४ दिवस. तिन्ही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो; जास्त मुक्काम पोलंडात, म्हणून त्याचा अर्ज पोलंडकडेच. फी ९० युरो, विमा ३०,००० युरोचा, हे झालं. रेल्वे पासपेक्षा आधी काढलेली सुटी तिकिटं स्वस्त पडतायत.

अडलंय ते असं:

तिन्ही देशांत युरो नाही. झ्लॉटी, कोरुना, फोरिंट. फॉरेक्स कार्डात युरो भरले तर प्रत्येक वेळी बदलाचा भुर्दंड. मग काय न्यावं? (मशीनने "रुपयांत की स्थानिक चलनात" विचारलं तर स्थानिकच म्हणायचं, एवढं कळलंय.)

मी शाकाहारी. 'पिएरोगी रुस्किए' म्हणजे आपली करंजीच, फक्त उकडलेली, आत बटाटा आणि पनीरसारखं काहीतरी. पण वर कधीकधी डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे घालतात म्हणे. "बेझ मिएन्सा", मांस नको, म्हटलं तर काउंटरवरची बाई ते तुकडे मांसात धरते का? कुणी खाल्लंय का तिथे?

क्राकुव ते प्राग रात्रीच्या बसने गेलं तर एका रात्रीचं भाडं वाचतं. पण पहाटे पाचला अनोळखी स्टँडवर बॅग घेऊन एकटी बाई. बायकांपैकी कुणी केलं असेल तर सांगा, पुरुषांचे "काही होत नाही" पुरे झाले.

होस्टेलात आठ खाटांची खोली धरते आहे. कुलूप घरून नेते. मी घोरते, त्यावर मात्र इलाज नाही.

विमानाचं तिकीट या रविवारी काढणार आहे, निदान बसचं तरी त्याआधी सांगा.