अंधार पडला की गोठ्यावरचा कॅमेरा बंद पडते, वायरिंगचा घोळ हाय का?

कापूसवाला_नेर
नमस्कार भाऊ, मी नेर तालुक्यातला (यवतमाळ). विहिरीवरचं मोटरचं केबल दोनदा चोरीले गेलं अन् आता कापूसही घरातच पडून हाय म्हणून बाबा म्हणाले कॅमेरे लाव. घरावर दोन लावले ते झकास चालून रायले. तिसरा गोठ्यावर, टेप धरून मोजलं तर घरातून 65 मीटर. गावातल्या पोरानं एकच नेटची वायर नेली, चार तारा नेटले अन् उरलेल्या चार तारांतून 12 व्होल्ट सोडले, अडॅप्टर घरात इन्व्हर्टरवर. दिवसा बैलाच्या अंगावरची गोचीड दिसते एवढं साफ, पण अंधार पडला की बंद, मिनिटभरानं चालू, पुन्हा बंद, रातभर हेच. कॅमेरा बदलून आणला, तोही तसाच. अडॅप्टर 1 अँपचा काढून 2 चा लावला, काही फरक नाही. आता तो म्हणते अडॅप्टर गोठ्यातच लावा, पण गोठ्यातली लाईन इन्व्हर्टरवर नाही, लाईट गेली की चोराचीच दिवाळी. काय करू?

वायरमन_आर्वी
कॅमेरा चांगला हाय भाऊ, तुमी त्याले उपाशी ठेवून रायले. अंधारात त्याचे आयआर लाईट (डोळ्याले न दिसणारे, रातीचं दाखवणारे) लागतात अन् तो दिवसापेक्षा दुप्पट करंट मागते. 65 मीटर म्हणजे जाऊन येऊन 130 मीटर तार झाली, तेही सुतळीपेक्षा बारीक. ठिबकच्या शेवटच्या झाडाले पाणी पोचत नाही तसंच हे, मोटर मोठी लावून काय होते, नळीच बारीक हाय ना. होल्टेज पडलं की कॅमेरा रिस्टार्ट, तवा आयआर बंद म्हणून होल्टेज परत येते, मग पुन्हा आयआर लागते अन् पुन्हा पडते. मीटर गोठ्याच्या टोकाले लावा, कॅमेरा जोडलेला ठेवून. काढून मोजाल तर 12 च दाखवीन अन् फसाल.

कापूसवाला_नेर
मोजलं. दुपारी 10.6, रात्री आयआर लागल्याबरोबर 8.3 अन् कॅमेरा गेला. भाऊ मानलं तुमाले. कॅमेऱ्याच्या खोक्यावर पीओई लिहिलंय, त्याचा काही उपयोग?

संत्राबाग_मोर्शी
अहो मग अडॅप्टर लावलाच कशाला?? पीओई म्हणजे नेटच्या वायरीतूनच कॅमेऱ्याला वीजही देणं, त्यात 48 व्होल्टच्या आसपास जातं, तेवढ्याच वॅटला करंट चौथा हिस्सा लागतो म्हणून तूटही कमी, आणि नेटची वायर 100 मीटरपर्यंत चालते, तुमचं 65 त्यात बसतं. 4 पोर्टचा पीओई स्विच (नेटच्या वायरी जोडायची पेटी) घ्या, त्यावर 802.3एएफ (पीओईचं मानक) लिहिलेलं बघा, तो आधी कॅमेऱ्याला विचारतो आणि मगच करंट सोडतो. 24 व्होल्टचा, न विचारताच करंट सोडणारा स्वस्त इंजेक्टर गळ्यात मारतील, घेऊ नका. स्विच इन्व्हर्टरवर, मधले स्प्लिटर (नेट आणि करंटच्या तारा वेगळे करणारे जोड) काढून फेका आणि दोन्ही टोकांना आठही तारा प्लगमध्ये नीट क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा.

एक अजून, वायरीची तार ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे, त्यात तूट जास्त होते, बदलाच. मी पण एकदा स्वस्त म्हणून असंच बंडल आणलं होतं, उचललं तेव्हाच हलकं लागलं होतं पण तेव्हा अक्कल नव्हती.

कापूसवाला_नेर
पांढरीच निघाली 😑 अन् वायर निंबावरून लोंबकळत नेलीय. आता बदलायचीच हाय तर जमिनीतून नेऊ का, पीव्हीसी पाईप टाकून?

वायरमन_आर्वी
हो टाका, दीड दोन फूट खाली, म्हणजे वखर लागणार नाही.

काळीमाती_दर्यापूर
पीव्हीसी नको राजेहो. आपल्या काळ्या मातीले उन्हाळ्यात हात जाईन एवढ्या भेगा पडतात, जमीन सरकते अन् पाईपाचा सॉकेट निघून येते, माया घरचं तसंच झालं. पयल्या पावसात पाईप भरला अन् कॅमेरा गेला. काळी एचडीपीई नळी घ्या, बंडलमध्ये येते ती, मधात जोड नको. पुरायच्या आधीच आत वायर ओढायले नायलॉनची दोरी टाकून ठेवा. वायर शुद्ध तांब्याची, काळ्या कव्हरची बाहेर वापरायची घ्या, राखाडी उन्हात तडकते. गोठ्याची 230 ची लाईन त्या नळीत अजिबात घालू नका, फूटभर दूर ठेवा. गोठ्यावर जोड डब्बीत घ्या अन् वायरीले डब्बीच्या खाली झोका द्या म्हणजे पाणी तिथंच टपकते.

अन् विजेचं कोणीच नाही बोललं. आमच्या बांधावरच्या निंबावर वीज पडली, कॅमेरा वाचला पण घरातला स्विच अन् रेकॉर्डर दोन्ही गेले, तांब्याची तार होती ना मधात. वायर पुरली तरी हा धोका राहते. दोन्ही टोकाले सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका जमिनीत उतरवणारी डब्बी) लावा अन् त्याची अर्थिंग खरोखर जमिनीत उतरवा, नुसती भिंतीले गुंडाळलेली नको. ढग गरजले की आमी तर अजूनही प्लग काढून ठेवतो.

कापूसवाला_नेर
सोमवारी यवतमाळले जाऊन आणतो सगळं. बाबाले फक्त हे सांगायचं बाकी हाय की अंगण खोदावं लागते.